लॉगबुक लिहिणारा माणूस

रिटायर झालेला माणूस एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाही तर सकाळी फिरायला जाऊन लोकांच्या तब्येतीच्या चौकशा करतो. कात्रपच्या धर्मराज भोईरांनी तिसरंच काढलं. त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं ऑपरेटर म्हणून गेलेली, त्यामुळे माल भरपूर होता. चार वर्षांत सहा वह्या भरल्या.

कादंबरी होती नरेंद्रवर. नरेंद्र हा त्यांचा प्लँटमधला जोडीदार. अठरा वर्षांपूर्वी रिअ‍ॅक्टरच्या बंद टाकीचं झाकण उघडताना गरम केमिकल तोंडावर उडालं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. गॉगल नव्हता, चूक त्याचीच, असं लिहून कंपनी मोकळी झाली. नरेंद्रला न्याय मिळावा म्हणून आपण लिहितोय, असं धर्मराज सांगत.

वाचनालयात दर शनिवारी शलाका नावाची, कॉलेजात मराठी शिकवणारी मुलगी कादंबऱ्यांवर चर्चा घ्यायची. तिने वह्या वाचायला नेल्या आणि पंधरा दिवसांनी परत आणल्या.

"काका, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी भाषण आहे. कामगाराच्या जिवाला किंमत नाही, हे तुम्ही एकवीस वेळा सांगितलंय."

"मग? तोच तर विषय आहे."

"तो सांगून नाही भागत. गोष्ट कोण सांगतंय, काय आधी सांगतंय, काय लपवतंय, यातून तो वाचणाऱ्याला आपला आपण कळायला हवा."

धर्मराजांना राग आला. कालची पोरगी आपल्याला शिकवणार! पण पुढच्या वाक्याला तो राग कुठल्या कुठे गेला.

"बाराव्या प्रकरणात वॉचमनच्या कुत्र्यालासुद्धा नाव आहे," ती म्हणाली. "फक्त लॉगबुक लिहिणाऱ्याला नाही. 'प्रेशर शून्य अशी नोंद होती' एवढंच. कोणी केली ती नोंद?"

"असेल कोणीतरी."

"मग त्यालाच सांगू द्या की गोष्ट."

ती सहज बोलली होती. पण चोराच्या मनात चांदणं.

दर तासाला जाऊन प्रेशरचा काटा बघायचा आणि लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत, आकडा लिहायचा, हा नियम. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हाही. प्रत्यक्षात एका बैठकीत पुढच्या दोन-तीन तासांचे आकडे भरून टाकायची प्लँटमध्ये रीतच पडली होती. त्या दिवशी बॅच संपत आली होती, तीनपर्यंत काटा शून्यावर येणारच, म्हणून धर्मराजांनी एक वाजताच तीनचं शून्य लिहून टाकलं. तीनला नरेंद्र शिफ्टवर आला, त्याने वही बघितली आणि झाकण उघडायला गेला. आत प्रेशर तसंच होतं.

हे धर्मराज कुणाशी बोलले नव्हते, बायकोशीही नाही. दर रविवारी अंबरनाथ पश्चिमेला नरेंद्रकडे जाऊन ते त्याला पेपर वाचून दाखवत. प्रेमाने जात, हेही तितकंच खरं.

घरी येऊन त्यांनी आधी एकवीस भाषणं काढून टाकली. दर वेळी तेच तुणतुणं! मग बारावं प्रकरण पुन्हा लिहिलं, या वेळी 'मी' म्हणून. आधीच्या वहीत कंपनी वाईट होती, बस. आता त्या सुबक अक्षरातल्या शून्याशी आलं की झाकणाकडे जाणारा नरेंद्र दिसत होता. जिवाची किंमत वेगळी सांगायची गरजच उरली नाही. कादंबरी पहिल्यांदाच खरी वाटली आणि त्याचीच त्यांना धास्ती बसली. कारण हे आधी नरेंद्रने ऐकायला हवं होतं. तो दार बंद करणार याची त्यांना खात्री होती, आणि रविवार गेले तर आपल्याकडे फारसं काही उरत नाही, हेही कळत होतं.

त्या रविवारी त्यांनी पेपर उघडलाच नाही. प्रकरण वाचलं. एकदाही न थांबता.

"झालं?" नरेंद्रने विचारलं.

"हो."

"मला माहीत नव्हतं, धर्मा."

धर्मराजांनी वही मिटली. नरेंद्र ताठ बसला.

"अठरा वर्षं पेपर वाचत बसलास. हे आधी वाचायचं होतंस." त्याचा आवाज कडक झाला होता. "आणि यात हा नरेंद्र कोण आहे? एवढा देवमाणूस मी कधी होतो? आदल्या आठवड्यात माझ्या शिफ्टचे आकडे मीपण असेच बसून भरले होते. तुझ्या आकड्यांनी माझे डोळे गेले. माझ्या आकड्यांनी तुझे जायचे, नाही गेले, नशीब तुझं. ते का नाही लिहिलंस?"

"मला कुठे माहीत होतं?"

"आता कळलं ना? मला साधुसंत करून ठेवलंस तर तुझी गोष्ट कोण खरी मानेल? राग आलाय मला. उद्यापण असेल. पण पेन काढ. यापुढचं प्रकरण मी सांगतो."

धर्मराजांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"जरा हळू सांग," ते म्हणाले.