झोपेचा दवाखाना

"झोपेतच गेले म्हणता? मग सुटलेच की हो!" मधू गेला त्या दिवशी आमच्या दारात आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस हेच म्हणत होतं, आणि मी मुकाट्यानं मान डोलवत होते. सांगू कुणाला, की बाबांनो, या माणसाला कित्येक वर्षांत धड झोप नव्हती… सकाळी चहा घेऊन गेले तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन हाका मारल्या. म्हटलं आज लागलाय डोळा, लागू दे, आणि कप झाकून ठेवून परत आले. डोळा लागला नव्हता, हे तासाभरानं कळलं. मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर उत्तर नागपुरातल्या त्याच्या घरी राहायला आले ती कायमचीच, कारण त्यानं लग्न केलं नाही आणि त्याला वेळेवर जेवायला घालणारं दुसरं कोणी नव्हतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांशी भांडायची मला खोड आहे. आता हे लिहितेय तेही एका शब्दापायीच.

आमचे बाबा गिरणीत कामाला. धम्मदीक्षेच्या वर्षी पांढरे कपडे घालून आम्ही सगळे मैदानावर गेलो होतो, तेव्हा मधू मेडिकलमध्ये शिकत होता. वस्तीतला पहिला डॉक्टर होणार म्हणून लोक त्याला तेव्हापासूनच डॉक्टरसाहेब म्हणायला लागले होते. आणि या पठ्ठ्यानं पुढे काय निवडावं, तर मनाचे आजार! नोकरी लागली ती मनोरुग्णालयात. नागपुरात त्याला तेव्हा कोणी मनोरुग्णालय म्हणत नसे, सरळ पागलखाना म्हणत. आईनं कपाळावर हात मारला. "लोकाइले काय सांगू वं मी आता? पोरगा पागलखान्यात हाय म्हनून सांगू?" मग ती नातेवाइकांना नुसतं "दवाखान्यात आहे" म्हणायची, आणि समोरचं माणूस घाबरून विचारायचं, "काहून? काय झालं त्याले?" मधू हसून हसून लोळायचा. पण पुढे एकदा मला म्हणाला, "ताई, डॉक्टरच्या आईची ही गत, तर आजाऱ्याच्या आईची काय असेल?"

ते त्याच्या डोक्यात बसलं. माणसं त्याच्याकडे येत ती फार उशिरा. आधी गावातला भगत, मग दर्गा, मग घरातच खुंट्याला बांधून ठेवणं, आणि सगळं करून हात टेकले की नागपूरची वाट. काही नातलग तर पत्ता खोटा सांगून जात, म्हणजे बरं झाल्यावर न्यायला यायला नको. मधूचं म्हणणं साधं होतं. एका शहरात एक मोठं फाटक बांधून भागणार नाही, तालुक्यातालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात एकेक खोली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर, एक नर्स, चार गोळ्या. "आपल्या वस्तीतला नळ आठवतो का तुले?" माझ्याशी बोलताना तो मध्येच असा घरचं बोलायचा. "एकच होता तेव्हा पोरी शाळा बुडवून रांगेत उभ्या राहायच्या. गल्लीगल्लीत आला तेव्हा कुठं साऱ्याइले पाणी मिळालं. हे तेवढंच हाय, ताई." सगळ्या विदर्भासाठी त्याची आखणी तयार होती. कुठली खोली आधी उघडायची, नर्सला काय शिकवायचं, गोळ्या संपल्या तर कुठून आणायच्या… वांग्याच्या भाजीत मीठ नाही हे त्याला कळायचं नाही, पण एखाद्या तालुक्याची शेवटची बस किती वाजता सुटते हे पाठ.

वरून काही मंजुरी नव्हती. कळमेश्वरच्या पुढे एका तालुक्याच्या गावी एक भला डॉक्टर भेटला, त्यानं बँडेजच्या खोलीशेजारची खोली दिली, आणि मधू दर मंगळवारी, म्हणजे तिथल्या बाजाराच्या दिवशी, एस.टी.नं जाऊन बसायला लागला. बाहेर पाटी नाही, काही नाही. त्याच्या एक लक्षात आलं, की "माझं मन बिघडलंय" असं म्हणत कोणीच येत नाही. जो येतो तो म्हणतो, "साहेब, झोप नाही लागून राहिली." ज्याला कानात आवाज येतात तो तेच म्हणतो, ज्याला जीव नकोसा झालाय तोही तेच. मग मधूही तेच विचारायला लागला, झोप कशी आहे? तिथून हळूहळू माणूस उलगडायचं. बाजारातल्या लोकांनीच त्या खोलीचं नाव पाडलं… झोपेचा दवाखाना. भाजीची पिशवी घेऊन या, दोन गोळ्या घेऊन जा, कोणाच्या बापाला पत्ता लागत नाही.

दिवाळीच्या सुटीत एकदा मीही त्याच्याबरोबर गेले होते. तिथं सुशीला नावाची एक पोर पाहिली. लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली, मूल होऊन गेलेलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. सासूच घेऊन यायची, आणि उपचारानं ती आता बरीच सुधारली होती. मधूनं विचारलं, "कशी काय आलीस, सुशीला?" तर पदरात तोंड लपवून म्हणाली, "बाजाराले आली, साहेब." सगळे हसलो. दर वेळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, असा त्यांचा खेळच होता म्हणे. जाताना सासूनं माझ्या हातात जवसाच्या चटणीची पुडी ठेवली. परतीच्या बसमध्ये मधू शिट्टी वाजवत होता. माझ्या भावाला शिट्टी वाजवता येते हे मला तेव्हा कळलं.

पुढे एका हिवाळी अधिवेशनात मुंबईचे मोठे साहेब नागपुरात आले असताना मधूनं त्यांना गाठलं, आणि काय आश्चर्य, योजना मंजूर झाली! पेढे वाटले आम्ही. अडलं एका नावावर. मधू म्हणाला, पाटीच लावू नका, लावायचीच तर झोपेचा दवाखाना म्हणा. साहेब म्हणाले, "अहो डॉक्टर, सरकार जनतेला झोपवतं असं उद्या कोणी सभागृहात म्हणालं तर?" बैठकीत हशा पिकला. नाव ठरलं, मनोविकृती उपचार केंद्र. मी घरी आकांडतांडव केलं. ज्या घरातल्या बापाला गावच्या हॉटेलात दाराबाहेर उकिडवं बसून वेगळ्या कपात चहा प्यावा लागला, त्या घरातल्या मुलाला नाव माणसाला दाराबाहेर कसं ठेवतं हे मी शिकवायचं? पण आमची पिढी सरकारवर जीव टाकणारी. राज्यघटना आपली, म्हणून सरकारही आपलं, त्यानं एकदा हो म्हटलं की झालं, असं मानणारी. "नाव घालू दे त्यांना काय घालायचं ते," मधू म्हणाला. "दारं तर उघडतील ना साऱ्या तालुक्यात."

उघडली हो दारं. मांडव घातला, रिबीन कापली, आणि बाजाराच्या दिवशीच कर्ण्यातून पुकारा केला, की वेडसर व भ्रमिष्ट रुग्णांनी या सोयीचा लाभ घ्यावा. पिवळी पाटी, त्यावर लांबून दिसतील अशी निळी अक्षरं. पुढच्या मंगळवारी मधू गेला तर बाकडं रिकामं. त्याच्या पुढच्याही मंगळवारी रिकामं. रोजच्या सर्दी-खोकल्याची माणसंसुद्धा त्या खोलीला वळसा घालून जायला लागली. मधू सुशीलाच्या घरी गेला, तर सासूनं ओसरीच्या आत घेतलं नाही. "तुमचं औषध लागू पडलं जी साहेब, नाही कसं म्हनू? पन आता तिथं पाटी लागली. कोन आत गेलं ते सारा बाजार पाहाते. माह्या लहान्या पोरीले पाहाले पाव्हने येऊन राहिले, त्याइले काय सांगू?" ती बाई वाईट नव्हती.

त्यानं पाटी काढा म्हणून वर लिहिलं. उत्तर आलं, नाव मंजुरीप्रमाणे आहे. मग एका मंगळवारी त्यानं स्वतःच स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुढच्या खेपेला ती जागच्या जागी होती, वर कारणे दाखवा नोटीस. इतर तालुक्यांतही असंच होत गेलं. खोल्या होत्या, पाट्या होत्या, आत कोणी नव्हतं. मग वरच्यांनी लिहून टाकलं, की ग्रामीण भागात मनाच्या आजाराचे रुग्ण आढळत नाहीत, तरी केंद्रांची गरज तपासावी. डोंबल तुमचं! मी तोंडानं याहून वाईट बोलले होते, ते इथं छापता येणार नाही.

आणि मग सुशीला आली. मनोरुग्णालयाच्या मोठ्या फाटकातून, जीपमध्ये घालून, लुगड्याच्या चिंधीनं हात बांधलेले, मनगटं सुजलेली. मधू ड्यूटीवर होता. त्यानं गाठ सोडली आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "कशी काय आलीस, सुशीला?" ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बाजाराले आली, साहेब." हे सांगताना माझा भाऊ माझ्यासमोर ढसाढसा रडला. आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. नातलग पुन्हा फिरकले नाहीत. मधूला घर ठाऊक होतं, तो स्वतः न्यायला-सोडायला तयार होता, पण नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. ती आजही तिथंच आहे. "योजना नामंजूर झाली असती ना ताई, तर ती पोर आज घरी असती," तो म्हणायचा. "मंजूर झाली तिथंच योजना मेली." खरंच होतं ते. समजूत काढायलाही खोटं सापडेना. त्याची झोप गेली ती तेव्हापासून.

निवृत्तीनंतर तो मंगळवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बसायचा. पाटी अर्थातच नव्हती. कोणी येई, बहुतेक वेळा कोणी नसे. मधूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, आणि मागच्या मंगळवारी मी केर काढत असताना दारात एक माणूस उभा राहिला. कामठीकडचा, मागावर काम करणारा. बरोबर शाळा नुकतीच सुटलेल्या वयाची मुलगी, डोळे खोल गेलेले, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. "झोपेचे डॉक्टर इथंच राहातेत ना जी?" मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि डॉक्टर गेल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यात न्या, चिठ्ठी देते. तो उठलाच. "नाही जी बाई, तिथं नाही नेत. पोरीचं लगन व्हायचं हाय." मी डोक्यात साऱ्या नागपुराची दारं धुंडाळली. धंतोलीतल्या खाजगी डॉक्टरांची त्याला परवडणारी नव्हती, बाकीच्यांवर पाट्या होत्या. मधूनं जन्मभर जे दार मागितलं ते एकही मला सापडलं नाही. बाप चपला घालायला बाहेर गेला, तेव्हा ती पोर पहिल्यांदा बोलली.

"बाई, मले झोप लागन का जी?"

"लागन वं माय," मी म्हटलं, आणि आमच्या घराच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले.