मुनाफचाचांच्या बाइकची धाप

किकवर हात ठेवला आणि बाइकने श्वास सोडला.

लांब, घोगरा, शेवटाला घरघर. दाबली नव्हती, नुसता हात ठेवला होता. गॅरेजमध्ये मी एकटाच. शुक्रवारची दुपार, गल्लीतले कापडाचे लूम आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद, आमचे उस्ताद गायकवाड जेवायला गेलेले. पुन्हा नीट दाबली. किक अर्ध्यावर घट्ट लागायला हवी होती, ती हाताखाली हळूहळू बसत गेली. परत तीच धाप.

बाइक मुनाफचाचांच्या अब्बांची, ते वारल्यापासून बंद. इंजिन आदल्या दिवशी मीच बांधलं होतं. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर जे काम करतो, तेच पिस्टनवरच्या रिंगा करतात: हवा कोंडून धरायची. रिंगा बिडाच्या, ठिसूळ. त्या बोटांनी दाबून धरायच्या आणि वरून सिलिंडर उतरवायचा. उतरवताना बोटाला बारीक झटका लागला होता. रिंग तुटली तर टक् वाजतं. पण समोर लूम धडधडत होते, तिथं कानाचा काय उपयोग? काही नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आता हवा रिंगांना चुकवून खालच्या ब्रीदर पाइपातून येत होती. म्हणजे रिंगच.

तेवढ्यात नमाज आटोपून मुनाफचाचा आले. "झाली काय रे? उद्या पोरीला मागं बसवून वडप्यापर्यंत न्यायचीय."

मी अडवायच्या आत त्यांनी किक दाबली. धाप ऐकून ते खालीच बसले. इंजिनाला कान लावून पुन्हा दाबली.

"अब्बा," ते म्हणाले. "शेवटी शेवटी असाच दम लागायचा त्यांना."

"चाचा, ते…"

"आता खोलू नको. हाय तशी दे."

मला आयती सुटका मिळत होती. रिंगांचा तो एकच सेट, उस्तादांनी वणवण करून मिळवलेला. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून आलो, तेव्हा त्यांनीच ठेवून घेतलं. त्यांनी हाकललं तर जायचं कुठं? पण तुटकी रिंग चालू इंजिन जाम करते, मागचं चाक अडकतं. आणि वडप्याच्या रस्त्याला मागून कंटेनर येतात.

"चाचा, ते अब्बा न्हाईत. रिंग तुटलीय. माझ्या हातून."

"तुला काय ठाऊक?" एवढंच म्हणाले.

उस्ताद आल्यावर त्यांना सगळं सांगून सिलिंडर उचलला. वरच्या रिंगचं टोक तुटून खाचेत अडकलं होतं, तांदळाच्या कणीएवढं.

"झटका लागला तेव्हाच का नाही बोललास?"

"भ्या वाटलं."

"मग आज?"

"आज जास्त वाटलं."

उस्ताद हसले नाहीत. फोन काढून दुसऱ्या रिंगा शोधायला लागले. मी अजून त्यांच्याकडेच आहे. उपकार कसे फेडायचे, माहीत नाही.

दीड महिन्यानं रिंगा बसल्या. चाचांनी किक दाबली, अर्ध्यावर घट्ट थांबली. ते कान लावून बराच वेळ बसले. आवाज नाही.

"गेले," म्हणाले, आणि चावी घेतली.

तेव्हापासून मी रिंगा फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना बसवतो. गिऱ्हाइकांना वाटतं, हा वार पाळतो.