खालून वाचलेली यादी

वर्कशॉपमधल्या काकांना सगळे शतांशकाका म्हणत. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला, तरी त्यांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा व्हायचा. हुद्दा मदतनिसाचा, पण लेथ यंत्रावर हात असा की वर्कशॉपचे सरही अडले की ‘जरा बघता का’ म्हणत हळूच त्यांच्याकडे यायचे. नोकरी राखीव जागेवरची. तीस वर्षांत कुणी त्यांना ते विसरू दिलं नव्हतं.

आमच्या नामांकित अभियांत्रिकी संस्थेत जात विचारणं असभ्य मानत. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी एकमेकांची प्रवेश परीक्षेतली रँक विचारून घेतली. काम तेच, फक्त आवाज सभ्य. वर्कशॉपमध्ये लेथ एकच, तोही रँकनेच मिळायचा. मी तिसरा. सर्वांत खाली राखीव जागेवर आलेली गवंड्याची मुलगी. तिचा नंबर यायचा आणि घंटा व्हायची. चार आठवडे हेच. पहिल्या नंबरवाल्याचे तोवर तीन शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, कापून झाले होते. एक तर त्यानं पेपरवेट म्हणून खोलीवर नेला. पाचवा आठवडा शेवटचा. तिचा एकही शाफ्ट झाला नाही, तर वर्ष गेलं. सर तिला म्हणाले होते की क्रम गुणवत्तेचा आहे, त्यांचा नाही.

त्या शेवटच्या दिवशी काकांनी रँकची यादी घेतली आणि तळापासून सुरुवात केली.

“काका, उलटी वाचताय,” पहिला नंबर म्हणाला.

“चष्मा नवीन आहे,” काका म्हणाले. मग तिला, “ये बाळ. लेथ रँक विचारत नाही, बाही मात्र धरतो. वर दुमड.”

ती सावकाश कापत होती. मागे आमचे उसासे. मोजलं तर दोन शतांश जाड. चालेल की, असं आम्हीच उदारपणे म्हणालो. आम्हाला घाई होती. काकांचा तो चेहरा झालाच होता, पण ते बोलायच्या आत तीच म्हणाली, “नाही चालणार.” आणि शाफ्ट पुन्हा लेथवर बांधला.

दोन शतांश उतरले तेवढ्यात सर आले. कुणाच्या परवानगीनं, असं त्यांनी विचारलं.

“यादी तुमचीच आहे, सर. मी खालून वाचली.”

सरांनी शाफ्ट दोनदा मोजला. खोट निघेना, तेव्हा सही केली आणि काकांकडे लेखी खुलासा मागितला. काकांनी तो एका ओळीत दिला: पाच आठवडे, एक लेथ, एक मुलगी उरली होती.

पुढच्या सोमवारी नव्या तुकडीची यादी आली. काकांनी चष्मा पुसला आणि बोट तळाच्या ओळीवर ठेवलं.