औषध म्हणजे कोणतं औषध

तारीख १८ नोव्हेंबर, शनिवार. माल सात खोकी, वजन चौऱ्याऐंशी किलो, भाडं आठ हजार चौसष्ट रुपये, रोख. पैसे घेताना हजर तिघं: मी, फुलंब्रीचे एक छोटे कारखानदार आणि त्यांचा टेम्पोवाला. याला आठ वर्षं झाली. आकडे माझ्या डायरीत आहेत, म्हणून बिनचूक सांगतो.

चिकलठाण्याला विमानतळाजवळ आमचं मालाचं ऑफिस होतं. एरवी माल प्रवासी विमानाच्या पोटात जायचा. त्या दिवशी मात्र एका कंपनीने यंत्रांचे भाग कोलकात्याला न्यायला अख्खं मालवाहू विमान भाड्याने आणलं होतं, आणि उरलेली जागा भरायचं काम आमच्याकडे आलं होतं.

"काय आहे खोक्यात?" मी विचारलं.

"औषध. नमुने हायेत, चहाच्या मळ्यावाल्यांना दाखवायला."

"पातळ?"

"व्हय, बाटल्या हायेत."

सर्दीचं औषधही पातळच असतं. मी 'मेडिसिन' असं टाइप केलं. वजन मात्र दोनदा केलं. मालात धोक्याचं काही असेल तर ते काय आणि विमानात कुठे ठेवलंय, हे कप्तानाला लेखी द्यावं लागतं. त्या कागदावर मी 'काही नाही' लिहिलं. खोकी विमानात चढली, अगदी पुढे, वैमानिकांच्या बसायच्या जागेमागे.

वैमानिक दोघं, कप्तान आणि त्यांच्या हाताखालची पंचविशीतली मुलगी. ती सकाळीच दौलताबाद बघून आली होती, हातात सीताफळांची पिशवी. "काका, हे पण वजन करणार का?" तिने मला विचारलं. मी काट्यावर ठेवली. तीन किलो दोनशे. "फळवाल्याने चार सांगितले होते," ती म्हणाली, आणि आमच्याकडचा चहा प्यायला बसली. त्या ऑफिसातला चहा फार गोड असायचा. तसा आता कुठे मिळत नाही.

तेवढ्यात आमचे वरिष्ठ जेवून आले. पडेगावचे, घरची शेती, सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. त्यांनी माझे कागद वाचले आणि चहाचा कप हातात धरलेल्या कारखानदारांकडे वळले.

"औषध कोणतं, पाव्हणं? घ्यायचं का फवारायचं?"

"फवारायचंच की. घ्यायचं असतं तर मी इथं उभा दिसलो असतो का?"

टेम्पोवाला हसला. मामा हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या घरी शेत नाय ना?"

नव्हतं. मी गुलमंडीवर वाढलेला. औषध म्हणजे आमच्याकडे डॉक्टरचं. मामांच्या घरी औषध म्हणजे किडीवर फवारायचं विष, ते गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं असायचं, पोरांचा हात पोचू नये म्हणून.

"सगळी खोकी खाली घ्या," मामा म्हणाले.

कारखानदार बिचकले. "अवो मामा, एखादी बाटली फुटली तर काय व्हतंय? आमी रोज हातानं मिसळतो."

"तुमी रानात मिसळता. वास आला की बांधावर जाऊन बसता. वर खिडकी उघडता येत नाय, अन् बांध बी नाय. त्यात हे रॉकेलासारखं पेटतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती पोरगी बसलीय ना तिथं, तिच्या पाठीला लागून ठेवलं होतं आपण."

'आपण' म्हणाले. ठेवलं मी होतं.

मी स्वतः विमानात चढलो. खोकी एकेक करून बाहेर आली. तिसऱ्या खोक्याचा एक कोपरा ओलसर लागला. बोट नाकाशी नेलं आणि लगेच खाली उतरून साबणाने हात धुतला. चार वेळा.

कप्तानांना मी खरं सांगितलं, की शब्द माझा चुकला. ते रागावले नाहीत.

"किती उतरवली?"

"सात."

"मोजून?"

"मोजून. एक गळत होतं."

ते स्वतः आत गेले, जागा पाहिली, पुसून घेतली, दारं उघडी ठेवून वारा खेळू दिला. विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. ती मुलगी जाताना दोन सीताफळं माझ्या टेबलावर ठेवून गेली. काय झालं होतं ते तिला कप्तानांनी सांगितलं असणार.

मामांनी कारखानदारांना शेजारी बसवून घेतलं आणि अशा मालाला पेटी कशी लागते, वर खूण कोणती, कागद कोणता, हे तासभर समजावलं. पाव्हणे मान हलवत होते. "एवढं आधी कुणी इचारलंच नाय," म्हणाले. ते खरंच होतं. विचारायचं काम माझं होतं.

मामा निवृत्त झाले, ऑफिसही हललं. आता संगणकावर मालाच्या नावांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. यादी चांगली आहे. पण ती समोरच्या माणसाचं गाव विचारत नाही.

त्या संध्याकाळी ऑफिसने भाडं पूर्ण परत दिलं. राहिला तो फुलंब्रीपर्यंत माल माघारी न्यायचा खर्च. कारखानदार पाकीट काढत होते. मी त्यांना थांबवलं आणि टेम्पोवाल्याला नऊशे रुपये माझ्या खिशातून दिले.