तळातलं पाणी

मी सकाळी कोलशेतच्या खाडीवर फिरायला जायचो तेव्हा एक कोळी नाखवा आपल्या जुन्या शिडाच्या होडीत असायचेच. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी गेल्यापासून होडी नुसती बांधून आहे. तरी ते खराट्याच्या हिराने डेकवरची पाणी जायची भोकं मोकळी करायचे आणि तळातलं पाणी बोटाने चाखायचे. गोडं लागलं तर पावसाचं, म्हणजे भोक तुंबलंय. खारं लागलं तर लाकूड गळतंय. एवढं ठरलं की मगच पंप लावायचे.

परवा त्यांनी तीनदा चाखलं.

"काय लागलं, नाखवा?"

"कलत नाय. या खाडीच्या पान्यानं जीभच मारली माजी."

मग त्यांनी पंप सोडवून खांद्यावर घेतला आणि घरी निघाले. होडीत पाणी तसंच होतं.