कापसातलं आइस्क्रीम

मामाला बघायला आलेल्या पाहुण्यांनी ज्या ज्या गोडाला हात लावला नाही, ते सगळं मी खाल्लेलं आहे. शिरा, बासुंदी, गाजराचा हलवा, एकदा तर पातेलंभर गुलाबजाम. तिकडून नकार यायचे आणि इकडे माझ्या ड्रेसच्या शिवणी उसवायच्या.

आमच्याकडची रीतच तशी. मुलीकडचे घर पाहायला येतात तेव्हा चहा घेतात, चिवडा खातात, आलूबोंड्यावर लालभडक तर्री ओतून परत मागूनही घेतात, पण गोडाला शिवत नाहीत. गोड खाल्लं म्हणजे होकार दिला. चहातही साखर असतेच की, पण तिच्याकडे सगळे काणाडोळा करतात. असं का, हे मी एकदा आईला विचारलं तर तिनं मला पोळ्या लाटायला बसवलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आम्ही यवतमाळला, बाबा कचेरीत आणि मी कॉलेजात. मामा ढाणकीजवळच्या खेड्यात, आजी-आजोबांच्या मागे एकटाच. उंचापुरा, हसरा, सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. त्याच्यात खोट एकच, तो कापूस पिकवायचा. ती वर्षंच तशी होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ज्यासाठी यायचं ते वाचून मुलींचे बाप कापूसवाल्याच्या घराची पायरी चढायला धजत नव्हते. चढले तरी चिवडा खाऊन उतरत होते. मला त्या बापांचा भयंकर राग यायचा. आता मला स्वतःला मुलगी आहे. राग थोडा कमी झालाय, पण पूर्ण गेलेला नाही.

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा मामाचा फोन आला. "ताई, हे शेवटचं स्थळ. याच्यानंतर कोनाले बलावू नोको. मले आता चिवड्याचा वास आला तरी मळमळते." हे त्यानं हसत हसत सांगितलं. आईनं फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मामा एकदा नाही म्हणाला की नाहीच, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हे स्थळ गेलं असतं तर तो त्या घरात जन्मभर एकटाच राहिला असता.

तेव्हा मी जाहीर केलं की या वेळी गोड मी करणार, आणि ते तळलेलं आइस्क्रीम असणार. एका मैत्रिणीच्या भावाच्या रिसेप्शनला मी ते खाल्लं होतं. वरून कडक आणि गरम, आतून थंडगार. माझं म्हणणं असं की शिरा ताटात निवांत बसून राहतो, म्हणून पाहुणाही निवांत नकार देतो. हे आइस्क्रीम थांबायला तयारच नसतं. समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही.

"आइस्क्रीम तळतात?" आई म्हणाली.

"तळतात."

"कोण तळतं?"

"लोक."

"कुठले लोक?"

रिसेप्शनचा आचारी कुठला होता हे मी विचारलं नव्हतं. पण माझा स्वभाव असा की कोणी "कुठले लोक" म्हटलं की ती गोष्ट मी करूनच दाखवते.

पहिला गोळा मी बेसनात बुडवून कढईत सोडला. उकळत्या तेलात दूध पडलं की काय होतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी यवतमाळच्या आमच्या स्वयंपाकघराचं छत बघायला यावं, डाग अजून आहेत. आईनं मला दिवसभर कढईजवळ फिरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाव आणला, कडा काढून स्लाइस लाटण्यानं दाबली, त्यात आइस्क्रीमचा गोळा गुंडाळला, पाण्याचं बोट लावून तोंड मिटवलं आणि फ्रीजरमध्ये दगडासारखा होईपर्यंत ठेवला. मग कडकडीत तेलात सोडून दहा आकडे म्हणेपर्यंत बाहेर. जमलं! बाबांना खायला दिलं. त्यांनी पेपरातून मान वर न करता खाल्लं आणि म्हणाले, "छान आहे, फक्त आतून गरम करायचं राहिलंय."

यवतमाळला जमलं, पण खायचं होतं मामाच्या घरी, आणि तिथं लाइन असण्यापेक्षा नसायचीच जास्त. लोडशेडिंगचा भर होता. मामाचा फ्रीज म्हणजे एक पांढरं कपाट होतं. उंदीर शिरू नये म्हणून तो त्यात बियाण्याच्या पिशव्या ठेवायचा. आदल्या दिवशी आईबरोबर तिथं पोचल्यावर ते बघून मला रडूच फुटलं. तीन दिवसांची मेहनत, थर्माकोलच्या पेटीतून आणलेलं आइस्क्रीम, सगळं पाण्यात जाणार होतं.

मामा म्हणाला, "कायले रडून राह्यली? आपल्याजवळ कापूस हाय न."

कापूस होता, त्यात काही शंकाच नाही. भाव पडला म्हणून मामानं विकला नव्हता, आणि समोरची मोठी खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. खिडकी उघडता येत नव्हती. मामा स्वतः ओसरीत खाट टाकून झोपत होता, घर कापसानं घेतलं होतं.

"कापसात ठेवतं काय?" आई ओरडली. माहेरी आली की तिची यवतमाळची भाषा पहिल्या दिवशीच गळून पडायची. "डोकं फिरलं काय तुह्यं? कापूस गरम असते. थंडीत रजई कायले घेतो मंग आपन?"

"रजई गरम नसते ताई. गरम आपन असतो. रजई फक्त आतलं बाहेर जाऊ देत नाई."

आईला हे पटलं नाही. मलाही पटलं नाही, आणि मी तर सायन्सला होते. पण दुसरा उपायच नव्हता. मामानं ढाणकीच्या बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून लादी आणली. ती फोडून मोठ्या डब्यात खडे मिठासोबत भरली, त्यात पावात गुंडाळलेल्या गोळ्यांचा घट्ट झाकणाचा छोटा डबा बसवला आणि ते सगळं धूड कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पुरलं. मग दर थोड्या वेळानं तो हात खुपसून बघायचा, पाणी काढायचा, बर्फ घालायचा. रात्रीही उठला असणार, कारण सकाळी गोळे खणखण वाजत होते आणि मामाचे डोळे लाल होते.

डोळ्यांपेक्षा हात जास्त लाल होते. साठवलेल्या कापसात उन्हाळ्यात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मामा रात्रभर त्यात कोपरापर्यंत बुडून होता. सकाळी त्याचे दोन्ही हात पुरळानं भरले होते. आईनं त्याला खोबरेल चोपडलं, लांब बाह्यांचा सदरा घातला आणि दम दिला, "पाव्हण्याइच्या समोर खाजवलं तं पाह्य मंग."

पाहुणे दोघंच आले. मुलीचे वडील, यवतमाळला कचेरीत असलेले, निवृत्तीला टेकलेले. आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, जिची नजर घराच्या कौलांपासून मोरीपर्यंत सगळीकडे एकदा फिरून आली. कापसाची खोली बघून वडील "अजून इकला नाई?" एवढंच म्हणाले. मामा "नाई" म्हणाला.

मामा मांडीखाली हात दाबून बसला होता. बराच वेळ त्यानं दम धरला. मग एक बोट हळूच बाहीत गेलं, त्याच्यामागून दुसरं गेलं, आणि शेवटी त्यानं दोन्ही हात असे काही खाजवले की आत्यानं कप खाली ठेवला.

"अंगाले काय झालं वो?"

"कापसाची खाज हाय," आई घाईघाईनं म्हणाली. "दोन दिवसात जाते."

नाही म्हणायचं ठरवूनच वडील आले होते, हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. आता आयतं कारणही मिळालं. त्यांनी आलूबोंडे मात्र मनापासून खाल्ले, तर्रीची वाटी अर्धी उरवली, घड्याळ पाहिलं आणि उठण्याच्या तयारीत म्हणाले, "बरं मंग. कळवतो."

मी स्वयंपाकघरात होते. तो "कळवतो" मी आतापर्यंत एवढ्यांदा ऐकला होता की मला राग अनावर झाला. कोणाला न विचारता मी कापसातला डबा उघडून होते तेवढ्यातले अर्धे गोळे आणले आणि कढईत सोडले. सोनेरी झाले तसे ताटलीत घेतले आणि धावत नेऊन पाहुण्यांसमोर ठेवले. पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हे आईनं मला बजावून ठेवलं होतं.

वडील अर्धे उठलेले परत बसले. "अजून आलूबोंडे केले काय? कायले तरास घेतला?" असं म्हणत त्यांनी एक उचलला, उरलेली तर्री त्याच्यावर ओतली आणि आख्खाच्या आख्खा तोंडात टाकला.

मी तोंड उघडलं होतं, पण आईनं डोळे वटारले, म्हणून मिटलं. त्यानंतर आयुष्यात मी तिचं इतकं कधी ऐकलेलं नाही.

वडिलांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. चावणं थांबलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तर्रीचं की दातांत गेलेल्या बर्फाचं ते त्यांनाही कळलं नसावं. गिळून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, आलू कच्चा राह्यला."

आत्यानं संशयानं दुसरा गोळा उचलला, तर्रीशिवाय एक तुकडा तोडला आणि किंचाळली, "दादा, हे गोड हाय! तुमी गोड खाल्लं!"

"नाई, तिखट होतं," वडील म्हणाले.

"वरून तिखट. आतून गोड."

"मंग ते गोड धराचं का तिखट?"

"गोड ते गोड. तोंड गोड झालं तुमचं. सोयरीक झाली."

"चुकून झालं!" वडील ताडकन उठले. "हे बरं नाई. फसवून खाऊ घातलं तुमी आमाले."

आईचा चेहरा उतरला. माझ्यामुळे मामाचं शेवटचं स्थळ भांडणावर चाललं होतं.

मामा उठला. हात खाजवत शांतपणे म्हणाला, "काका, फसवलं नाई, गडबड झाली. हे होकारात धरू नका. पोरगी तुमची हाय, इचार करूनच सांगा."

आईनं कपाळाला हात लावला. हातात आलेलं तो स्वतःच सोडून देत होता. पण वडिलांचा आवाज खाली आला. ते ताटलीकडे बघत राहिले. मग कचेरीतल्या माणसासारखा प्रश्न त्यांनी विचारला.

"लाइन तं सकाळपासून नाई. मंग हे जमून कसं राह्यलं?"

"चाला, दाखवतो," मामा म्हणाला.

दोघं कापसाच्या खोलीत गेले. मी दाराआड उभी राहिले. मामानं वडिलांचा हात धरून ढिगात घातला. कोपरापर्यंत गेल्यावर ते दचकले. "अरे! बरफ हाय!" मग त्यांनी दुसरा हातही घातला आणि लहान पोरासारखे चाचपत राहिले.

हात तसेच ठेवून ते म्हणाले, "खरं सांगू काय? तुह्यात वाईट काहीच नाई. पन मी रोज पेपर वाचतो. पोरगी कापूसवाल्याले देल्ली तं मले रात्रीची झोप लागनार नाई. उद्या तू काही करून घेतलं तं?"

हा प्रश्न आतापर्यंतच्या प्रत्येक बापाच्या मनात होता. तोंडानं विचारणारा हा पहिलाच. मामा रागावेल असं मला वाटलं, पण तो हसला.

"काका, रातभर उठून उठून बरफ घातला मी याच्यात. आइस्क्रीम वितळू नये म्हून. ज्याले मराचं असते, तो एवढा तरास घेईन काय?"

वडिलांनी हात बाहेर काढले, त्यांना चिकटलेला कापूस एक एक पुंजका वेचून परत ढिगावर ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"अजून हायेत काय हे?"

"हायेत. उरलेले अजून तळले नाई."

ते ओसरीत येऊन आपल्या जागेवर मांडी घालून बसले. बसची वेळ केव्हाच टळली होती. डावा हात उजव्यानं करकर खाजवत त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून मला हाक मारली.

"पोरी, तळ मंग. आन् या खेपेले तर्री नोको."