बारावं रीळ

आधीच सांगून ठेवतो. भूत, चकवा, करणी, उतारा — या मालाचा मी आयुष्यात कधी सौदा केला नाही. जे हाताला लागत नाही ते घ्यायचं नाही आणि विकायचंही नाही, या एका नियमावर मी डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यापासून स्वतःच्या घोड्यांच्या पागेपर्यंत आलो. कुणाचा वशिला नाही, बापाची इस्टेट नाही. आमच्या लोणखेड्यात कुणाला चिंचेखाली काय दिसलं याच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जनावरांना पाणी पाजायला जातो.

तरी हे लिहितो आहे. एक तर जे झालं ते माझ्या हाताला लागलं... अगदी या उजव्या हाताला. आणि दुसरं कारण मगनशेठ. त्याच्याबद्दल शेवटी. त्याचं नाव काढलं की माझं डोकं तापतं, मग पुढचं नीट लिहून होणार नाही.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा आमचा मुलूख अजून पश्चिम खानदेशात मोडायचा. मार्गशीर्षातली सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. तापीच्या काठावर नदीला समांतर घोड्यांच्या लांबच लांब ओळी. शेंगदाण्याची टरफलं, लिदीचा वास, चुलींचा धूर, आणि पहाटेची अशी थंडी की घोड्यांच्या नाकातूनही वाफ निघे.

माझ्याकडे विकायला सात घोडी होती. आठवी चांदणी, ती विकायची नव्हती. पांढरीशुभ्र, एक काळा केस नाही. जन्मली त्याच रात्री तिची आई मेली. मी तिला शेळीच्या दुधावर, बाटलीने वाढवलं. खोटं कशाला बोलू, तिला जत्रेत नेण्यात माझा व्यापारही होता. तिला बघायला गर्दी जमे, आणि गर्दी जमली की बाकीच्या सातांना गिऱ्हाईक मिळे. पण कुणी तिच्याकडे बोट दाखवून भाव विचारला की मी त्याला पुढचा रस्ता दाखवी.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांदणीच्या जागी फक्त खुंटा होता. दावं कापलेलं.

राखणीला माझा शालक नामदेव होता. तो कापलेल्या दाव्याचं टोक हातात घेऊन उभा होता.

"दाजी, चहा पेवाले गऊ व्हतू. पाचच मिन्टं."

"पाच मिन्टं? मन्ही घोडी गयी नि तू चहा पी ऱ्हायना? आते मन्हाकडे तोंड दखाडू नको! तुन्ही बहीनले मी सांगी दिसू, तुन्हा भाऊ मरी गया म्हनीसन!"

बोललो. राग आला की मी असाच बोलतो. पोर निघून गेलं. पोर म्हणजे चांगला दोन लेकरांचा बाप, पण माझ्यापुढे तो पोरच.

दिवसभर मी जत्रा पायाखाली घातली. हजारभर जनावरं असतील. जिथे पांढरं दिसलं तिथे धावलो. दोनदा परक्या माणसांच्या अंगावर गेलो, एकाची पगडी उडवली. त्याची घोडी निघाली करड्या रंगाची... संध्याकाळी पाय सुजले आणि मनात एकच — आता ती नदीपार गेली असेल.

तेवढ्यात नामदेव परत आला. हातात दोन तिकिटं.

"दाजी, मगनशेठना तंबूमा डिटेक्टिव्हनं चित्र उनं शे. त्यामा चोर सापडस म्हने. आपन दखूत तरी, कसा धरतस."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. एवढा भोळेपणा! त्याला हाणावं की मिठी मारावी कळेना. शेवटी म्हटलं, तिकीट काढलंच आहे तर वाया का घालवावं, पायांनाही आराम. गेलो.

मगनशेठची फिरती टॉकीज म्हणजे ठिगळांचा तंबू, बाहेर घरघरणारं इंजिन आणि एकच प्रोजेक्टर. प्रत्येक रीळ संपलं की तंबूत बल्ब लागायचा, ऑपरेटर रीळ बदलायचा, की पुन्हा अंधार. तंबूत सगळे घोडेवालेच. आजपर्यंत त्यांनी देवादिकांची चित्रं पाहिलेली, लख्ख उजेडातली. आणि इथे पडद्यावर नुसता काळोख! पाऊस कोसळतोय, एक हॅटवाला लांब कोटाची कॉलर वर करून गल्लीतून चाललाय, अर्धं तोंड सावलीत.

"ए ऑपरेटर, दिवा वाढाव रे! कोन्हंच तोंड दिसी नही ऱ्हायनं!"

"इंजिनमा तेल टाक, शेठ!"

मगनशेठ टॉर्च घेऊन पुढे उभा राहिला. "अरे भाऊ, चित्रच असं शे! अंधारनाच खेळ शे तो!"

"मंग तिकीटबी अर्धं घेवानं व्हतं!"

हशा. पुढे तो हॅटवाला गप्प चालतोय, ओठ मिटलेले, आणि त्याचाच आवाज गोष्ट सांगतोय. माझ्या पुढचा म्हातारा घाबरला. "हाऊ तोंड मिटीसन कसा बोली ऱ्हायना?" खिडकीच्या पट्ट्यांची सावली नटीच्या तोंडावर पडली तर मागून कुणी ओरडलं, "दखा, बाईले पट्टा उनात! वाघीन शे वाघीन!" त्या हॅटवाल्याने सिगरेटवर सिगरेट ओढली, एकदाही चहा घेतला नाही, आणि भर पावसात छत्री घेतली नाही, यावर दोन बाकांचं आपसात भांडण झालं. अवघा तंबू हसत होता. चांदणी गेल्यापासून पहिल्यांदा मीही हसलो.

बाई मात्र मी पहिल्याच रिळात ओळखली. गोड बोलते, डोळे मिटते, पण मान ताठ. मी नामदेवला म्हटलं, "कान मागे टाकेल घोडी शे ही. लाथ मारी." इंटरव्हलच्या आत तिने हॅटवाल्याला गुंडांच्या हवाली केलं. "दाजी, तुमी चित्र आधी दखं व्हतं का?" नामदेव म्हणाला. मी म्हटलं, चित्र नाही, घोड्या पाहिल्यात.

बल्ब किती वेळा लागला ते मी सवयीने मोजत होतो. अकरावं रीळ संपलं, बल्ब लागला, विझला. आणि बारावं सुरू झालं.

ते रीळ मला आजही जसंच्या तसं दिसतं. आवाज नव्हता. मला वाटलं, मशीन बिघडलं. हॅटवाला त्या बाईसमोर उभा. तिचे काळेभोर केस, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. त्याने खिशातून पांढरा रुमाल काढला, टेबलावरच्या पेल्यात भिजवला आणि तिच्या कपाळावरची बट पुसली. रुमाल काळा झाला. बट पांढरी झाली! मग त्याने तो रुमाल झटकला, आपल्या उजव्या हातावर अंथरला आणि माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरून कुणी बघितलं तर ते सगळ्यांकडेच बघतं, एवढं मला कळतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलं.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं असोत, आकडा दोघांतच राहतो.

माझा खांद्यावरचा रुमाल तेव्हा मांडीवर होता, उजवा हात त्याच्याखाली. आणि त्या रुमालाखाली कुणीतरी माझी चार बोटं धरली. नीट, रीतीने, सौद्यात धरतात तशी. एकदा दाबली, सोडली. हात कोमट होता. मऊ. आयुष्यात कधी लगाम न धरलेला, शहरी माणसाचा हात.

नामदेव माझ्या डाव्या बाजूला होता. उजवीकडे तंबूचा खांब.

मी घाबरलो का? नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. रुमालाखाली चांगला आकडा हाताला लागल्यावर होतो ना, तसा. मी उठलो आणि बाहेर पडलो.

रात्रभर चुलीपाशी बसून एकच विचार. मी दिवसभर पांढरं शोधत होतो... काळ्यावर माझी नजर थांबलीच नव्हती.

फटफटताच नदीकडून ओळी मोजल्या. चार बोटं, म्हणजे चौथी ओळ. मधोमध एक काळी घोडी, अंगावर भरगच्च झूल, तोंडाला दाण्याचा तोबरा. आदल्या दिवशी मी तिच्यापुढून दोनदा गेलो होतो. शेजारी एक बाहेरगावचा इसम, मिशांना तेल लावलेला.

"काय भाव?" मी शांतपणे विचारलं. असा शांत मी वर्षातून एकदा असतो.

तो खूश झाला. हात पुढे केला. मी वर रुमाल टाकला आणि त्याची पाचही बोटं अशी आवळली, की त्याचे डोळेच बाहेर आले.

"इतला? इतला नका दाबू, भाऊ!"

"थांब, सौदा चालू शे," मी म्हटलं. "नामदेव, रुमाल भिजाड!"

नामदेवने आपला रुमाल घागरीत बुडवला आणि घोडीच्या कपाळावरून फिरवला. काजळी आणि तेल! रुमाल काळा, कपाळ पांढरं. झूल उचलली तर खाली चांदणीचं अंग जसंच्या तसं शुभ्र. हरामखोराने फक्त दिसणारा भागच रंगवला होता, तेलातही काटकसर. तोबरा काढताच ती अशी खिंकाळली की चारी ओळी तिला उत्तर द्यायला लागल्या.

तो इसम हिसके देत होता, पण मी हात सोडेना. शिपाई येईपर्यंत रुमालाखाली आमचा सौदा चालूच. लोक हसून लोळत होते. मग चांदणीला नदीवर नेलं, नामदेवने राख लावून धुतली, काळं पाणी तापीतून वाहून गेलं. कुणीतरी ढोल आणला. मी नामदेवला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि म्हटलं, "जाय, चहा पी. पाच नही, पन्नास मिन्टं पी!" पोर रडलं. मीही... असो.

दुपारी पेढे घेऊन मगनशेठकडे गेलो. म्हटलं, तुमच्या चित्राच्या शेवटाने माझी घोडी मिळाली.

मगनशेठ म्हणाला, "कोनता शेवट?"

बारावं रीळ पेटीत आलंच नव्हतं. ऑपरेटरने पत्र्याची पेटी उघडून दाखवली, अकरा डबे आणि एक रिकामा खण. अकराव्यानंतर तंबूत बल्ब लागला तो लागलेलाच राहिला. लोकांनी गोंधळ घातला, तेव्हा मगनशेठने प्रत्येकाला दुसऱ्या दिवशीच्या खेळाचा फुकट पास दिला.

मी नामदेवकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाजी, लोक भांडी ऱ्हायंतात नि तुमी कोऱ्या पडदाकडे दखी ऱ्हायंतात. मंग उठीसन चालना गयात. माले वाटनं, राग उना."

पुढे काही वर्षांनी तेच चित्र नंदुरबारला पक्क्या थिएटरात लागलं. मी आणि नामदेव मुद्दाम गेलो. बाराही रिळं पाहिली. शेवटी बाई आगगाडीने निघून जाते आणि हॅटवाला फलाटावर एकटा पावसात उभा राहतो. केस पुसणं नाही, पेला नाही, काहीच नाही. फक्त अगदी शेवटी तो खिशातून रुमाल काढून तोंडावरचं पाणी टिपतो. त्या रुमालावर काळा डाग होता.

"दखं का?" मी नामदेवचा हात धरला.

"सावली शे ती, दाजी."

असेल. अंधाराचाच खेळ तो. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि जे सांगणारे भेटले त्यांची उत्तरं मी फुकटसुद्धा घेतली नसती. चांदणीला पुढे दोन शिंगरं झाली. दोन्ही पांढरी.

राहिला मगनशेठ. त्या दिवशी त्याने माझे पेढे खाल्ले, आणि मी माझा पास मागितला तर म्हणतो, "तुमी तं शेवट दखा ना, भाऊ? मंग पास कसाले?" तेव्हापासून दर जत्रेत मी मागतो, दर जत्रेत तो हेच म्हणतो आणि तंबूतले लोक हसतात. मी सौदेवाला माणूस, माझं म्हणणं सरळ आहे. मी शेवट पाहिला असेल, तर तो कुणी दाखवला ते मगनशेठने सांगावं. आणि पाहिला नसेल, तर माझा पास द्यावा. दोन्ही बाजूंनी त्याला सूट नाही.